उसवलेलं दुपटं

सुलू, आधी सांगून टाकते, मग बाकीचं बोलू. तुझं दुपटं मी उसवलं. तुझ्या टाक्यांची एकही ओळ ठेवली नाही.

तू गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी, मशीनजवळ बसून, हातात अर्धं ब्लेड घेऊन. रागात होती मी. तुझ्या होणाऱ्या नातवंडासाठी तू घातलेले ते लाल दोऱ्याचे टाके एकेक उचलत गेली न् तोडत गेली, न् मनातल्या मनात तुलाच ऐकवत होती, की घे, तुह्या हातचं चालत नाही म्हणते ना, घे मंग! दुसऱ्या दिवशी सकाळी तुझ्या नीलेशचा फोन आला. तुझ्या पोराचा आवाज मला ओळखूच आला नाही. फोन ठेवला तेव्हा मशीनखाली लाल दोऱ्याचे तुकडे तसेच पडलेले होते. मी ते झाडलेही नव्हते.

लोक तुझ्याबद्दल चांगलं चांगलं बोलून राहिले. बोलू दे. अंगणवाडीतली किती पोरं तू मोठी केली, कोणाकोणाला धाकदपटशा करून डोस पाजले, ते सांगायला निर्मला आहे. ती मास्तरीण, तिला भाषण जमते. मी ब्लाउज शिवणारी बाई. मला तुझ्याशी भांडायचं आहे, कारण आपलं भांडण अर्धं राहिलं, न् अर्धी राहिलेली वस्तू मला घरात सहन होत नाही हे तुला चांगलं माहीत आहे.

पहिल्या भेटीतही मी तुला दुरुस्तच केलं होतं, आठवते? शनिवार होता. जामसांवलीच्या फाट्यावर आपली बस अडकली होती. शनिवारी तिथं हनुमानाच्या दर्शनाला एवढी माणसं लोटतात, हे माहीत असूनही मी नणदेकडं सौसरला निघाली होती, म्हणजे अक्कल गहाण ठेवूनच निघाली होती. तू माझ्या शेजारी, खिडकीत. बाहेर एक बाई रुईच्या पानांच्या माळा विकत होती. तिनं माळ तुझ्या नाकासमोर धरली, तर तू म्हणाली, "माळ नको माय, ज्याच्यात गुंडाळली तो कागद दे." ती बाई पाहतच राहिली. पण कागद दिला तिनं. गुलाबी, चकचकीत.

तू त्याचं फुलपाखरू करायला बसली. सोमवारी अंगणवाडीतल्या पोरांना शिकवायचं होतं म्हणे. मी बाजूनं पाहून राहिली. घडी वाकडी, कोपरा भलतीकडं. दोन मिनिटं दम धरला मी, जास्त नाही. मग म्हटलं, "अशी घडी नाही पाडत वं बाई. कोपऱ्याले कोपरा जुळवा ना."

दुसरी एखादी असती तर म्हणाली असती, तुमचं काय जाते? तू कागद माझ्या मांडीवर ठेवला. "मंग तुम्हीच करा बाप्पा पुरं."

मी केलं. नखानं घडी दाबून दाबून केलं. तू ते उलटंपालटं पाहिलं न् म्हणाली, "आता हे कोणाचं? अर्धं माहं, अर्धं तुमचं." समोरच्या सीटवर एक लहान पोरगी उकाड्यानं रडून राहिली होती. तू हात लांब करून फुलपाखरू तिच्या हातात दिलं. "आता तिचं. भांडणच मिटलं."

तिथून आपला नियम निघाला. एकीनं सुरू करायचं, दुसरीनं पुरं करायचं, तिसरीला द्यायचं. स्वतःचं स्वतःच्या घरी कोणीच न्यायचं नाही. पुढं निर्मला न् मंदा येऊन मिळाल्या, मग महिन्यातून एक रविवार, चौघींच्या घरी पाळीपाळीनं. सौसरला तू, पांढुर्ण्याला मी न् निर्मला, न् लोधीखेड्याहून संत्र्याची पिशवी घेऊन येणारी मंदा. शनिवार कधीच ठेवायचा नाही, हा दुसरा नियम, तो जामसांवलीच्या बसनं शिकवला.

काय काय केलं आपण! उन्हाळ्यात रद्दी भिजवून, मेथ्या वाटून घालून लगद्याच्या टोपल्या. तुझ्या टोपलीचं बूड असं होतं की मी पुरी करायला घेतली तर ती माझ्याकडंच पाहून डोलत होती. तान्ह्या पोळ्याला लाकडी बैलांच्या झुली, आरसे लावलेल्या. भुलाबाईच्या मूर्ती केल्या त्या वर्षी मंदानं नवरोबा भुलोजीला एवढं पोट केलं की निर्मला म्हणाली, हा तर आमच्या घरचाच दिसते. बुद्धपौर्णिमेच्या महिन्यात तुझ्या घरी कागदाची कमळं, ओसरीभर पाकळ्या. होळीआधी माळेसाठी शेणाच्या चाकोल्या थापताना नाक धरून बसलेली निर्मला, तिला तू म्हणाली, "मॅडम, हजेरी घेऊन नाही होत हे, हात घाला." दिवाळीआधी मंदाकडची संत्र्याची सालं वाळवून उटणं. एकीनं वाळवायचं, दुसरीनं कुटायचं. पाच घरी वाटलं तर सहाव्या घरून मागणी आली.

पल्लवी तुझ्या घरी सून होऊन आली तेव्हापासून ती फोनवर दाखवायची, आई, हे पाहा, असं करा, तसं करा. तू चष्मा वर करून पाहायची न् म्हणायची, "लय चांगलं हाय. हे त्यायलेच करू दे."

न् प्रत्येक वेळी तू माझ्या उजव्या हाताला बसायची. वस्तू डावीकडं सरकायची, म्हणजे तुझं अर्धं नेहमी माझ्याकडं. मला वाटायचं, ही मुद्दाम माझा जीव खायला बसते. मी तुझे टाके उसवायची न् पुन्हा घालायची. तुझ्यासमोर नाही, घरी आणून. पुढच्या महिन्यात तू वस्तू हातात घेऊन म्हणायची, "माह्या बोटायले एवढी शिस्त कधी आली बाप्पा?" मंदा हसायची. मीही हसायची. पण उसवणं काही सोडलं नाही.

आता ती गोष्ट, जी आपण कधी बोललो नाही.

पहिल्या वर्षी तुझी पाळी तीनदा आली. तिन्ही वेळा मला उपास होता. एकदा चतुर्थी सांगितली, एकदा म्हटलं सोळा सोमवारांच्या आधीचा रविवारही धरते मी, न् तिसऱ्यांदा काय सांगितलं ते मलाही आठवत नाही. मंदा जेवली, निर्मला जेवली. मी काळा चहा घेतला न् टाके घालत बसली. मंदाच्या घरी मला उपास नसायचा. निर्मलाच्या घरी मी दोन वाट्या रस्सा प्यायची. फक्त तुझ्याच घरचा रविवार आला की माझा देव जागा व्हायचा. तू बौद्ध, मी कुणबी. कोणी काही बोललं नाही, पण चौघींना कळत होतं.

चौथ्यांदा तुझ्याकडं आली तर तू ताट आणून ठेवलं. साबुदाण्याची उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. "तुह्या उपासाचं केलं वं," तू म्हणाली. "आता काय सांगशीन?" तुझ्या तोंडावर राग नव्हता. हसू होतं, पण ते हसू पाहून मला जमिनीत जावं वाटलं. मी खाल्लं. मिरची जरा जास्त होती म्हणून डोळ्यांतून पाणी आलं असं मी म्हटलं. मिरची बरोबर होती. त्यानंतर मी तुझ्या घरी सगळं खाल्लं, मागून मागून खाल्लं, तुझ्या हातचं वांग्याचं भरीत तर डब्यात घालून नेलं. मला वाटलं, झालं, मिटलं.

सुलू, मला एकही उपास नव्हता. सासूचा धाक होता असं मी म्हणू शकते, पण सासू तेव्हा पांढुर्ण्यात बसली होती. सौसरला माझ्या ताटाजवळ माझ्याशिवाय कोणी नव्हतं. ते माझं मीच केलं. एवढ्या वर्षांत एक वाक्य बोलायचं होतं, ते माझ्या तोंडून निघालं नाही, न् तू कधी मागितलं नाही.

मग भादव्यातला तो रविवार, माझ्या घरचा. पल्लवीचे दिवस भरत आले होते. तिला आई नाही, म्हणून बाळंतपण तूच करणार होती, न् हवेत चालून राहिली होती. त्या महिन्यात आपण बाळाचंच करायचं ठरवलं. मी कुंची सुरू केली, ती मंदाकडं. मंदानं मोहरीच्या उशीची खोळ घेतली, ती निर्मलाकडं. निर्मलानं झबलं बेतलं, ते तुझ्याकडं जाणार होतं. न् तू दुपटं. तू तर ते आठ दिवस आधीच घरी सुरू केलं होतं, चौघी बसल्यावरच सुरू करायचं हा नियम मोडून. चौघींची जुनी सुती पातळं एकावर एक, वर मंदाचं मोतिया रंगाचं, न् त्यावर लाल दोऱ्याचा धावदोरा. अर्धं करून आणलं तू. येताना बसमधून उतरली तशी तुला चिडवलंही होतं मी, "या, जिल्ह्याच्या गावात या, सौसरवाल्या," न् तू म्हणाली होती, "जिल्हा झाला तं बस स्टँडवर पाणी तं ठेवा वं." चांगल्या रंगात होतो आपण.

तू दुपटं माझ्यासमोर अंथरलं. "शोभे, याले उसवू नको."

मी पाहिलं. खडूची रेघ नाही, पट्टी नाही. ओळी चालल्या मनाला येईल तिकडं. मी म्हणाली, "अवं, हे काय? ओळ हाय की गाय चरत चालली? लेकराले टोचन ना हे."

"नाही टोचत. हात फिरवून पाय."

"मी नीट करते. तू फक्त बस."

तू दुपट्यावरचा हात उचलला. माझ्याकडं पाहिलं, न् एकदम हळू आवाजात विचारलं, "तुले माह्या हातचं चालतच नाही का वं, शोभे?"

मंदा सुई ओवता ओवता थांबली. तू टाक्यांचंच विचारलं असशील. नसशीलही. मी लाल झाली, न् चूक असलेला माणूस जसा अंगावर येतो तशी आली. "टाके वाकडे तं वाकडेच म्हणीन मी! त्याच्यात हातचं न् पायचं कुठून आणलं?" तू उठली. निर्मलाचं झबलं पिशवीत टाकलं, पाच वाजताची बस धरली. दारातून वळून "येतो वं" म्हणायची तुझी सवय होती. ते म्हटलं नाही.

मी फोन केला नाही. तूही केला नाही. ग्रुपवर मंदा रोज फुलं टाकायची, आपण दोघी अंगठासुद्धा दाखवत नव्हतो. अशा वयाच्या बाया! माझा राग तुझ्यावर नव्हता, हे आता कळते. तू बरोबर जागी बोट ठेवलं होतं न् मला ते झोंबलं होतं. पण राग काढायला हाताशी दुपटं होतं. बाराव्या दिवशी मी ब्लेड घेतलं. कडेचा कच्चा दोरा तेवढा ठेवला, थर हलू नयेत म्हणून. एवढ्या रागातही शिवणारणीची अक्कल जागी होती, माणसाची मात्र नव्हती.

तुझ्या पुण्यानुमोदनाला आली तेव्हा पल्लवी भिंतीला टेकून बसली होती, पोट सांभाळत. मी जवळ गेली तशी तिनं माझा हात धरला. "काकू, दुपटं झालं का? आईनं बाकी काहीच नाही केलं बाळासाठी. झबल्याले तं हातच नाही लावला. तेवढंच हाय."

मी म्हणाली, "होऊन राहिलं, बेटा."

पुन्हा खोटं. त्याच घरात. येताना बसमध्ये जामसांवलीचा फाटा आला न् मी तोंडावर पदर घेतला. बाजूच्या बाईला वाटलं उन्हाचा घेतला.

घरी आल्यावर ठरवलं, गुपचूप पुरं करून टाकायचं. कोणाला कळते? पट्टीनं आखते, टपोरे टाके घालते, सांगते की सुलूच्याच ओळी आहेत, जरा नीट केल्या. तसंही मी नेहमी करतच होती. आमच्या कामात उसवल्यावर कापडावर पाणी शिंपडून इस्त्री फिरवतात. सुईची छिद्रं राहिली असतात ती त्यानं बुजतात. मी पाण्याची बाटली घेतली, दुपटं खिडकीत धरलं, कुठं कुठं शिंपडायचं ते पाहायला.

न् मला तू दिसली, सुलू. खरं सांगते. तुझा दोरा जाड होता, पातळं जुनी न् विरलेली. तू जिथून जिथून सुई काढली होती तिथं तिथं बारीक छिद्र राहिलं होतं न् त्यातून उजेड येऊन राहिला होता. सगळ्या ओळी. इथं वळलेली, तिथं चढलेली, एका जागी तर चक्क मागं फिरलेली. मी बाटली अशी ठेवली की ती कलंडली. मग मी तुझ्या नावानं भोकाड पसरलं. मोठ्यानं. समोरच्या दुकानातला माणूस विचारायला आला, तर म्हटलं, सुई टोचली.

पण हे एकटीनं करायचं नाही, असं मला तेव्हाच वाटलं. खोट्यावर खोटं किती घालणार? पुढचा रविवार तुझ्या घरचा होता. मंदा न् निर्मला म्हणत होत्या, यंदा नको, सुतकासारखं वाटते, बंदच करू आता, सुलू नाही तं कशाला. पल्लवीनंच तुझ्या फोनवरून ग्रुपवर लिहिलं, "आईची पाळी आहे. या." एवढंच.

गेलो आम्ही. तुझ्या ओसरीत बसलो. तुझी जागा कोणी घेतली नाही, माझी उजवी बाजू मोकळी. मी पिशवीतून दुपटं काढलं, मध्ये ठेवलं, न् सांगितलं. ब्लेडचं सांगितलं, भांडणाचं सांगितलं. साबुदाण्याच्या उसळीचंही सांगितलं, पल्लवीसमोर, कारण तिला ते माहीत असायला पाहिजे होतं. मंदा खाली पाहत होती. निर्मलानं चष्मा काढला. मी म्हणाली, "पल्लवी, मले जे बोलायचं ते बोल. शिव्या दे."

तिनं दुपट्यावरून एकदा हात फिरवला. मग भिंतीला हात लावून उठली, आत गेली. मला वाटलं, झालं, ही आता बाहेर येत नाही. डबा वाजल्याचा आवाज आला. बाहेर आली तर हातात लाल दोऱ्याचं नवीन रीळ होतं.

"दुपट्याचा दोरा आणाले आई न् मी संगंच गेलतो बाजारात," पल्लवी म्हणाली. "आईनं दोन रिळं घेतली. मी म्हटलं, आई, एकानं होऊन जाते. तं म्हणे, एक माहं न् एक शोभीच्या उसवण्याचं. ती उसवनच. म्हणे, उसवू दे, तिच्या हातून पुरं झालेलं फाटत नाही. माह्या नातवाच्या नातवाले पुरन." तिनं रीळ माझ्या हातात ठेवलं. "राग तं मले आला, काकू. लय आला. पण आता दिवस कमी हायेत. बसा."

बाप्पा! मी तुला काय समजत होती न् तू काय होती! जीव खायला नाही बसायची तू माझ्या उजव्या हाताला. हे तू मला कधी सांगितलं असतं तर मी हवेत गेली असती, म्हणून नसशील सांगत. पण एकदा सांगायचं होतं वं. एकदा तरी.

आम्ही दुपटं खिडकीशी ताणून धरलं. एक बाजू मंदानं, एक निर्मलानं. पल्लवी बोटानं पुढचं छिद्र दाखवायची न् मी सुई घालायची. "अठी. आता अठी. काकू, वर चढली पाहा." मंदा म्हणाली, "अठी कुकर झाला असन, उठून गेली असन." जिथं ओळ मागं फिरली होती तिथं निर्मला म्हणाली, "ही इथं कोणाची तरी नक्कल करत असणार," न् तिनं तुझी नक्कल करून दाखवली, तू तिची नक्कल करायची ती. आम्ही एवढ्या हसलो की नीलेश आतून धावत आला. त्याला वाटलं पल्लवीला कळा सुरू झाल्या. मग दुपारी जेवलो, तुझ्या सुनेच्या हातचं. डाळीत मीठ कमी होतं. मी बोलली नाही. हो, मी! लिहून ठेव कुठं तरी.

संध्याकाळपर्यंत तुझं अर्धं झालं. माझं अर्धं मी घरी आणलं. पट्टी घेतली, खडू घेतला, न् अडली. गोधडीच्या कामात पुढची ओळ मागच्या ओळीच्या बोटभर अंतरानं चालते. तुझी शेवटची ओळ अशी नदीसारखी वळत गेलेली, तिच्या शेजारी सरळ रेघ ओढली तर मध्ये कुठं चार बोटं जागा सुटते, कुठं कापड गोळा होते. सरळ करायचं तर तुझ्यापासूनच सुरुवात करावी लागते. तर मी तुझ्या वळणानं एक ओळ घातली. दुसरी घातली, जराशी कमी वळणाची. तिसरी त्याहून कमी. खडू डब्यात परत गेला. किती ओळी गेल्या तशा, मी मोजल्या नाहीत. कडेच्या गोटाशी पोचली तेव्हा ओळी सरळ होत्या.

सुलू, नात झाली तुला. नाक तुझं. मंदा लोधीखेड्याहून येऊन पंधरा दिवस राहिली, शेक-शेगडी सगळं तिनं केलं, न् घरी संत्र्याचं काम पडलं असताना केलं. झबलं पल्लवीनं स्वतः पुरं केलं, बाही एक मोठी एक लहान, बरोबर तुझी सून. पुढचा रविवार तिनं लावून टाकला आहे. तुझ्या जागी ती बसणार आहे, न् मला आताच बजावलं, काकू, उसवायचं असन तं माह्या पुढ्यात उसवा. मी "हाव, तुह्या पुढ्यात" म्हणून बसली आहे. जमते का पाहू.

काल गेली होती मी. पल्लवीनं पोरीला दुपट्यावर निजवलं, न् तुझ्या नातीनं पहिलंच स्वागत काय केलं असेल? सगळं ओलं. माझ्या तोंडून "अवं, नको!" निघालं, कारण तुझी छिद्रं दोनदा सुई जाऊन मोकळी झाली होती, पाणी लागलं की ती बुजतात न् तुझी खूण जाते. पल्लवी म्हणाली, "काकू, दुपटं हाय ते. भिजनच ना." तिनं ते धुतलं, आपटून नाही, नुसतं चुबकून, न् अंगणात दोरीवर टाकलं. ऊन कडक होतं, तासाभरात वाळलं.

वाळल्यावर तिनं ते माझ्या मांडीवर आणून दिलं न् विचारलं, "काकू, आईचं कुठंपर्यंत हाय?"

मी बोट ठेवलं. ओळीवरून फिरवत नेलं, पुन्हा मागं आणलं. चष्मा पुसला, उलट बाजूनं पाहिलं. तीस वर्षं मी दुसऱ्याचा टाका न् माझा टाका अंधारात वेगळा सांगत आली. मला सांगता येईना. पोरगी रडायला लागली तशी पल्लवीनं माझ्या हातातून दुपटं ओढून घेतलं न् तिला त्यात गुंडाळलं.